दोन बॅटऱ्या आणि आरआर युनिट बदलूनही चार्जिंग १३ व्होल्टच्या पुढे टिकेना

दुसरीपाळी_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. गाडी २०० सीसीची, २०१५ चं मॉडेल, ६८ हजार किलोमीटर झालेत. रोजचं येणं-जाणं जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, आठवड्याआड दुसरी पाळी.

चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या गेल्या. दुसरी बसवताना मिस्त्री म्हणाला आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसी करंटाचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) गेलंय, म्हणून तेही नवीन टाकलं. दोन महिने बरे गेले आणि परत तेच. सकाळी सेल्फ कसाबसा घेतो, दुपारी नुसतं टक-टक. हॉर्न दाबला की मीटरचा डिस्प्ले फिका पडतो.

गेल्या मंगळवारी पाळी सुटल्यावर साडेबाराला निघालो. केगावच्या अलीकडे हेडलाइट पिवळा होत गेला, ब्रेक दाबला की आणखी मंद. पुढे-मागे उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना मागे धड दिवे नाहीत. बाळे येईपर्यंत इंडिकेटर दिला नाही, ब्रेक जेवढा टाळता येईल तेवढा टाळला. खरं सांगतो, भीती वाटली.

बुधवारी व्होल्ट मोजायचं मल्टिमीटर विकत आणलं. बॅटरीवर मोजलेलं असं: इंजिन बंद असताना १२.२ व्होल्ट, स्लोवर १२.६, चार-पाच हजार आरपीएमला लाइट बंद ठेवून १३.४, लाइट लावले की १२.९. हँडलखाली दोन एलईडी फॉग लाइट लावलेत, प्रत्येकी २० वॅटचे, आणि मोबाइलचा चार्जर. मिस्त्री आता मॅग्नेट कॉइल (इंजिनबरोबर वीज तयार करणारी) बदलू म्हणतोय, मजुरी धरून साडेतीन हजार. पैसे घालायला हरकत नाही, पण तिसऱ्यांदा अंदाजाने घालायचे नाहीत. कुणी नीट सांगेल का?

अक्कलकोटरोड

मॅग्नेट कॉइलच असणार, राहिलंय काय दुसरं? खात्री करायची तर गाडी चालू ठेवून बॅटरीची मायनस वायर काढ. बंद पडली तर मॅग्नेट गेला, चालू राहिली तर चार्जिंग ठीक. आमचा मिस्त्री असंच बघायचा. पैसे लागत नाहीत.

मोटरवायरमन

भाऊ, चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नको. आधी एवढं वाच, मग गाडीला हात लाव.

ही तपासणी डायनॅमोच्या काळातली आहे, तेव्हा चालून जायची. तुझ्या गाडीत मॅग्नेटमधून तीन पिवळ्या वायरींनी जो एसी करंट येतो, तो मोकळा सोडला तर चार हजार आरपीएमला पन्नास व्होल्टच्या आसपास जातो. त्याला आवरतं आरआर युनिट, आणि त्या युनिटला आधार असतो बॅटरीचा. बॅटरी एकदम काढलीस की व्होल्टेज उसळी मारतं आणि तेवढ्या क्षणात आरआर, गाडीचं मीटर नाहीतर इंजिनचं कंट्रोल युनिट जाऊ शकतं. त्यांच्या किमती पुढे साडेतीन हजार काहीच नाहीत. अक्कलकोट रोडवाल्या भाऊंनी मनापासून सांगितलंय, राग मानू नये, पण ही सवय आता सोडायला हवी.

मी तीस वर्षं यंत्रमागाच्या मोटरी आणि स्टार्टरची कामं करतो. विडी घरकुलात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, जिथे बोलावतील तिथे. मोटर जळाली की शेडवाला पहिल्यांदा म्हणतो, भरायला टाका, म्हणजे आतली कॉइल नव्याने गुंडाळायला. टाकतो आम्ही. भरून येते, लावतो, पंधरा दिवसांत परत जळते. मग कुणीतरी स्टार्टर उघडून बघतो, तर एका फेजचा स्क्रू ढिला, खालचा तांब्याचा जोड काळा पडलेला. दोन फेजवर मोटर गुणगुणत राहिली, तापली, गेली. आता माझा नियम आहे: मोटर उतरवायच्या आधी जोड मोजायचे. तुझ्या आकड्यांत मला तेच दिसतंय. नवीन बॅटरी, नवीन आरआर, आणि जुना तोच रस्ता. त्या दोन्ही बॅटऱ्या खराब निघाल्या असं मला वाटत नाही. त्यांना पोटभर मिळालंच नाही. शिशाची बॅटरी भरलेली असेल तर स्वस्थ असताना १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. अशी अर्ध्या पोटी महिनोन्‌महिने राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जर लावूनही ती उठत नाही.

आता मोजायचं कसं ते सांगतो. बॅटरीवर किती व्होल्ट आहेत हे तू बघितलंस. वाटेत किती मरतायत हे बघितलं नाहीस, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

मीटर डीसी २० वर ठेव. गाडी थंड असताना मोजू नको, सात रस्त्यापर्यंत जाऊन ये, इंजिन आणि कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट) तापू देत. मग हेडलाइट, फॉग सगळं लावून चार-पाच हजार आरपीएमवर धर. रेस धरायला दुसरा माणूस घे. मीटरची एक पिन आरआरच्या लाल वायरीवर. कपलर काढायचा नाही, मागच्या बाजूने वायरीशेजारून टाचणी आत सरकव आणि टाचणीला पिन लाव. दुसरी पिन बॅटरीच्या प्लसवर, पण लगावर (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) नाही, खुद्द शिशाच्या खांबावर, कारण लग आणि खांब यांच्यातला जोडही खराब असू शकतो. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या वायरीत आणि जोडांत मरतायत. ०.२ पर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं तर रस्ता खराब.

मग हेच मायनसच्या बाजूने कर. आरआरची काळी किंवा हिरवी वायर ते बॅटरीचा मायनस खांब. ही बाजू कुणी मोजत नाही. सगळे लाल वायरीमागे धावतात, आणि करंट परत येतो तो चेसिसच्या एका गंजक्या बोल्टमधून. जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो ना. तिसरं माप, सेल्फ दाबताना इंजिनच्या केसिंगपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत.

शेवटी गाडी बंद करून पिवळ्या वायरींचा कपलर सोड, मीटर एसी २०० वर घे, गाडी चालू कर आणि दोन-दोन पिवळ्यांमध्ये मोज. तीन जोड्या, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. बोटं लांब ठेव, तिथला झटका बारीक नसतो. गाडी परत बंद करून प्रत्येक पिवळी ते इंजिनची बॉडी कंटिन्युइटी (आतून जोड आहे का ते) बघ, बीप वाजता कामा नये. हे दोन्ही ठीक आलं तर मॅग्नेट चांगला आहे, त्याला हात लावू देऊ नको.

आणि आरआरच्या लाल-काळ्यावर थेट किती व्होल्ट येतात तेही लिहून ठेव. मला त्या आकड्याची उत्सुकता आहे.

दुसरीपाळी_जुळेसोलापूर

काका, तुम्ही एवढं लिहिलंत, मनापासून आभार. काल सुट्टी होती, दाजींना रेस धरायला बसवलं. आकडे:

आरआरवर थेट १४.४. लालच्या बाजूला ०.६२ मरतायत. मायनसच्या बाजूला ०.८८. बॅटरीवर राहिले १२.९. बेरीज बरोबर जुळली तेव्हा अंगावर काटा आला. सेल्फ दाबताना केसिंग ते मायनस ०.९. पिवळ्यांमध्ये ५२, ५२, ५१. बॉडीला बीप नाही.

मग टाकी उतरवली. पिवळ्या वायरींचा कपलर पांढरा असायला हवा, तो एका कोपऱ्यात चॉकलेटी झालाय, आणि मधली पिन काळी. त्या पिनच्या मागची वायर बोटभर लांबीपर्यंत कडक झालीय, जरा वाकवली तर वरचं प्लास्टिक तडकलं आणि आत तांबं हिरवट दिसलं.

अर्थिंगचं आणखी वाईट. टाकीखाली चेसिसला एक दहाचा बोल्ट आहे, तिथे कंपनीचा लग येतो. फॉग लाइट बसवणाऱ्याने त्याची बारीक काळी वायर सोलून, पीळ देऊन, त्या लगाच्या आणि चेसिसच्या मधे दाबून टाकलेली. लग एका बाजूने उचललेला. बोल्ट हाताने फिरला काका, पाना लागलाच नाही. खाली अर्धा पेंट, अर्धा गंज. फॉग लाइट मी सव्वा वर्षापूर्वी लावलेत. पहिली बॅटरी त्यानंतर दोन महिन्यांनी गेली.

एक कळलं नाही. आरआरकडे १४.४ आहेत तर ते आणखी ढकलत का नाही?

मोटरवायरमन

शाब्बास. फॉगवाल्याच्या त्या पिळाच्या वायरीवर माझं मन आधीच जात होतं, पण न बघता बोललो नाही. पीळ दिलेली वायर लगाखाली घातली की तारा हळूहळू चपट्या होतात, बोल्ट आपोआप ढिला पडतो. आमच्या शेडमध्ये हे रोजचं आहे.

तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. आरआर स्वतःच्या तोंडाशी व्होल्टेज मोजतं. त्याला तिथे १४.४ दिसले की ते म्हणतं झालं, पुरे, आणि जास्तीचा करंट मागे मॅग्नेटकडे शॉर्ट करून फिरवतं. वाटेत दीड व्होल्ट मेले हे त्याला ठाऊकच नाही. धरण भरलेलं आणि कालव्याच्या टेलचं शेत कोरडं, तसं. म्हणून आरआर बदलून काही झालं नाही, मॅग्नेट बदलून तर आणखीच काही झालं नसतं.

आता त्या दीड व्होल्टचं वजन बघ. मुख्य वायरीतून समज दहा अँपिअर जातायत. १.५ गुणिले १० म्हणजे १५ वॅट. आपल्या देवघरात जुना शून्याचा बल्ब असायचा ना, तो नावाला शून्य पण साधारण पंधरा वॅटच खायचा. हात लावून बघितला असशील तर किती तापतो माहीत आहे. तेवढी उष्णता तुझ्या सीटखाली आणि टाकीखाली दोन-चार जोडांत कोंडलेली. जोड तापला की गंज वाढतो, गंज वाढला की आणखी तापतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४२-४३ असतात, टाकीखालची गोष्ट वेगळीच.

काम असं कर. चार एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घे, लाल आणि काळी, प्रत्येकी दोन-दोन मीटर. घेताना टोक सोलून तारा खरवडून बघ. वरून तांबडी आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत कर. चांगल्या चार एमएमच्या एका मीटरला ४.३ मिलिओहम येतात, म्हणजे दहा अँपिअरला ०.०४ व्होल्ट. आत्ता तुझे ०.६२ जातायत.

लाल वायर आरआरच्या लालपासून थेट बॅटरीच्या प्लसला. मधे २० अँपिअरचा फ्यूज, होल्डरसकट, बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज टाळायचा नाही. ही वायर कुठे घासून चेसिसला लागली तर बॅटरी सगळा जोर तिथे काढेल आणि वर पेट्रोलची टाकी आहे. काळी वायर आरआरच्या मायनसपासून थेट बॅटरीच्या मायनसला, चेसिसच्या भरवशावर नाही. शिवाय एक जाड काळी बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या बोल्टला, त्या सेल्फच्या ०.९ साठी. ही सोळा एमएमची तरी असू दे, सेल्फ पन्नास अँपिअरच्या वर ओढतो. कंपनीच्या जुन्या वायरी कापू नको, त्यांचे जोड साफ करून तशाच राहू देत.

टाकीखालचा बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घास, एका रुपयाच्या नाण्याएवढी. लग ठेव, वर दातेरी वॉशर, बोल्ट आवळ, आणि मग वरून व्हॅसलीन चोपड. आधी घट्ट, मग व्हॅसलीन, हा क्रम बदलू नको.

लग दाबायला पक्कड वापरू नको. क्रिम्पिंग टूल नसेल तर वायरच्या दुकानात लग दाबून मिळतात. वायरला सोल्डर पाजून लगात घालायचा मोह होतो, तो आवर. सोल्डर तारांतून वर चढतं, जिथे थांबतं तिथे वायर कडक आणि मऊ यांच्यात तुटते. गाडी दिवसभर थरथरते, घरातल्या बोर्डासारखी शांत नसते.

पिवळ्या वायरींचा जळका कपलर फेकून दे. कडक झालेला भाग चांगलं लालसर तांबं दिसेपर्यंत काप, तिन्हींना वेगवेगळ्या स्लीव्ह (दोन टोकं जोडायच्या धातूच्या नळ्या) दाब आणि वरून हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढव. कुठली पिवळी कुठल्या पिवळीला याची काळजी करू नको. मागाच्या मोटरीत दोन फेजा बदलल्या की मोटर उलटी फिरते, इथे पुढे रेक्टिफायर आहे, त्याला क्रम लागत नाही.

फॉग लाइटला रिले (बारीक करंटाने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लाव, प्लस बॅटरीवरून ७.५ अँपिअरच्या फ्यूजमधून घे, आणि त्याची अर्थ वायर लग लावून बॅटरीच्या मायनसला आण. त्या बोल्टखाली परत काही घालू नको.

तुळजापूररोड_३५०

वायरमन काका, मधेच विचारतो. माझं उलटं आहे. बॅटरीवर १५.३ येतात, बॅटरीची बाजू फुगलीय. आरआरला सहा वायरी आहेत. आणि गाडी २०१८ ची, लाइट बंद करायला बटणच नाही. बटण बसवून मॅग्नेटवरचा भार कमी करावा का?

मोटरवायरमन

सहावी बारीक वायर ही आरआरची नजर असते. काही गाड्यांत ती चावीच्या स्विचमधून फिरून येते. स्विचचे काँटॅक्ट काळे पडले की त्या वायरीवर एक व्होल्ट कमी दिसतो. आरआरला वाटतं बॅटरी उपाशी आहे, आणि ते ढकलत सुटतं. चावी चालू ठेवून बॅटरीच्या प्लसपासून त्या बारीक वायरीपर्यंत डीसीवर मोज. एखाद्या व्होल्टच्या आसपास आलं तर आरआर निर्दोष आहे, स्विच साफ कर किंवा त्या वायरीला रिलेतून सरळ बॅटरीचं व्होल्टेज दाखव. ती फुगलेली बॅटरी मात्र आजच काढ, उन्हात तसली बॅटरी सीटखाली ठेवून फिरायचं नाही.

बटणाचं म्हणशील तर नको. एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींना लाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं आहे, आणि ते दिवसाही समोरच्याला दिसावं म्हणून. शिवाय शॉर्ट करणाऱ्या पद्धतीचं आरआर असेल तर लाइट बंद करून मॅग्नेटला विश्रांती मिळत नाही. मॅग्नेट तेवढाच करंट काढतो, फक्त तो लाइटऐवजी आरआरमधून फिरतो आणि आरआर जास्त तापतं.

दुसरीपाळी_जुळेसोलापूर

काका, काम झालं. रविवारी सकाळी सातला बसलो, जेवायला दोन वाजले. वायर, लग, स्लीव्ह, फ्यूज होल्डर आणि रिले मिळून ७४० रुपये. पहिल्या दुकानात वायर खरवडली तर आतून पांढरी निघाली, दुसऱ्या दुकानातून घेतली.

तसंच तापवून, सगळे लाइट लावून मोजलं. आरआरवर १४.३, लालला ०.०५, मायनसला ०.०४, बॅटरीवर १४.२. सेल्फला केसिंगवर ०.१५. हॉर्न दाबला तरी डिस्प्ले हलत नाही. दाजींनी पहिल्यांदा हेडलाइट भिंतीवर बघितला आणि म्हणाले, बल्ब बदललास का?

सोमवारी दुसऱ्या पाळीला जाऊन आलो. केगावच्या त्या पट्ट्यात ट्रॉलीच्या मागचा ऊस लांबूनच दिसला. आज सकाळी चावी लावायच्या आधी बॅटरी १२.४ होती. १२.७ का नाही?

मोटरवायरमन

कारण ती सहा महिने अर्धपोटी होती. पंधरा-वीस किलोमीटरच्या फेरीत ती पूर्ण भरणार नाही. एकदा दुकानात देऊन मंद चार्ज करून घे, ९ एएचची (अँपिअर-तास) असेल तर एक अँपिअरच्या आत, रात्रभर. घाईचा चार्ज देऊ देऊ नको. मग गाडीला न लावता आठ-दहा तास तशीच ठेव आणि मोज. १२.६ च्या वर राहिली तर वाचली. १२.३ ला आली तर प्लेटा गेल्यात, पण पुढची बॅटरी तरी पूर्ण आयुष्य काढेल.

आणि महिन्याभराने टाकीखालचा बोल्ट आणि बॅटरीचे दोन्ही लग एकदा आवळून बघ. नवीन लग थोडे बसतात. त्या वेळी मायनसच्या बाजूचं माप परत घे आणि इथे टाक.